तांबड्या समुद्रातला थवा

सुके मासे तुम्ही-आम्ही बाजारात नेहमीच पाहतो. पण मासे कागदावर चिकटवून ठेवल्याचे कधी ऐकले आहे का? पेटर फोर्स्कोल नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाने ते केले. डेन्मार्कच्या राजाने १७६१ साली अरबस्तानाकडे सहा जणांची मोहीम धाडली, तीत हा होता. तांबड्या समुद्रात पोवळ्यांचे खडक आहेत आणि त्यांच्याभोवती रंगीत माशांचे थवे फिरतात. फोर्स्कोल एकेका माशाच्या अर्ध्या अंगाचे कातडे वाळवी आणि झाडाचे पान जपून ठेवावे तसे कागदावर डकवी.

१७६३ साली येमेनात हिवतापाने त्याचा अंत झाला. बाकीचेही एकामागून एक गेले. कार्स्टेन नीबुर तेवढा घरी परतला. (हा नीबुर वाटेत मुंबईस राहिला होता, आणि घारापुरीच्या लेण्यांची त्याने मोजमापे घेऊन चित्रे काढली!) मित्राची टिपणे त्यानेच १७७५ साली छापली. ते सुके मासे कोपनहेगनला जपून ठेवलेले आहेत. पण मेलेल्या माशावरून थव्याचा संसार कसा कळणार?

त्याच समुद्रात अँथिअस नावाचा एक लहानसा मासा आहे. त्याला शास्त्रीय नाव दिले पेटर्स या जर्मन पंडिताने, १८५५ साली. थव्यात नारिंगी माद्या पुष्कळ, जांभळट नर थोडे. प्रवाहाकडे तोंड करून सारे वाहत येणारे बारीक जीव टिपतात. मोठा मासा दिसला की क्षणात कपारीत. १९४३ साली कुस्तो आणि गान्यां यांनी पाठीवर हवेची टाकी बांधून बुडी मारण्याचे साधन केले, आणि मग अभ्यासकांना अशा थव्याशेजारी निवांत बसता येऊ लागले.

१९७० साली इस्रायलच्या लेव्ह फिशेल्सन यांनी जे प्रसिद्ध केले ते ऐकून खरे वाटणार नाही. थव्यातला नर नाहीसा झाला, की एक मादी नर होते! गादी रिकामी पडली की वारस बसतो, हे आपण इतिहासात वाचतोच. पण इथे वारसाचा देहच पालटतो. आधी वागणूक बदलते, मग रंग, आणि काही आठवड्यांत तो पुरता नर. पुढे १९८० साली शपायरो यांनी आणखी एक गंमत दाखवली. एका थव्यातले अनेक नर त्यांनी एकाच वेळी काढून घेतले. जवळजवळ तितक्याच माद्या नर झाल्या. पण एकदम नाही, पाळीपाळीने, एकीनंतर दुसरी.