मुदखेड : एक गाव, तीन लिप्या आणि ‘????’

नांदेडहून निघालेल्या गाड्या ज्या जंक्शनवरून आदिलाबादकडे फुटतात, ते मुदखेड. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. सरकारी कारभार उर्दूत, गावकीची लिखापढी मोडीत आणि छापील मराठी बाळबोधीत, अशी इथली रीत. म्हणूनच २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन कुणबी नोंदींचा शोध आरंभला, तेव्हा उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची गरज भासली. दाखला मिळणे वा न मिळणे जुन्या दप्तरातील एका ओळीवर येऊन ठेपले.

आता कल्पना करा, अशी ओळ मूळ लिपीतच डेटाबेसमध्ये उतरवायची आहे. यूटीएफ-८ पद्धतीत उर्दूचे अक्षर २ बाइट घेते, देवनागरीचे ३, मोडीचे ४. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ नावाचा जो कॅरॅक्टर सेट वर्षानुवर्षे वापरला गेला, त्याची धाव ३ बाइटांपर्यंतच! नाव पूर्ण, वस्तू अपुरी. मोडी युनिकोडमध्ये २०१४ साली आली. तिला सामावणारा ‘यूटीएफ८एमबी४’ २०१० पासून उपलब्ध होता, पण तो मूलभूत निवड ठरला २०१८ च्या ८.० आवृत्तीत. तोवरची मूलभूत निवड होती ‘लॅटिन१’, आणि क्रमवारी चक्क स्वीडिश, कारण कंपनी स्वीडनची. त्या रकान्यात देवनागरी घातली की कडक तपासणी बंद असल्यास अक्षरांजागी प्रश्नचिन्हे उमटत. ‘यूटीएफ८’च्या रकान्यात मोडी घातली, तर पहिल्या मोडी अक्षरापासून पुढचा मजकूरच कापला जाई.

अक्षर टिकले, तरी क्रमाचा प्रश्न उरतोच. त्याचे नियम म्हणजे कोलेशन. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. युनिकोडने मात्र भारतीय लिप्यांच्या ‘इस्की’ या सामाईक मानकाची मांडणी स्वीकारली आणि ‘ळ’ला ‘ल’शेजारी बसवले. केवळ संकेतांकांवर विसंबल्यास यादीत ‘काळे’ आधी येतात, ‘काशीद’ मागून. मराठी कोश पाहणारा नेमके उलट शोधेल. पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून (२०१७) आयसीयूच्या आधारे मराठीचे स्वतंत्र कोलेशन निवडता येते.

क्रम केव्हाही बदलता येतो. प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षर मात्र परत काढता येत नाही. त्यासाठी पुन्हा दप्तराचा रुमाल सोडायचा आणि मोडी वाचणारा शोधायचा.