कद्दू म्हणजे नेमका कोणता?

मृग जवळ आला की आमच्या वीरमध्ये परसात मांडवाच्या काठ्या उभ्या राहतात. आमचं परस लहान, मांडव एकच. यंदा प्रश्न पडला, त्यावर वेल कोणता चढवायचा? बायकोने लाल भोपळ्याच्या बिया आणल्या होत्या, अम्मीला दुधी हवा होता. मी ऐटीत म्हटलं, "अम्मी, हदीसमध्ये कद्दूचा उल्लेख आहे. तो कद्दू हाच, लाल." वर्गातही मी वर्षानुवर्षं हेच सांगत आलो होतो.

नंतर नीट शोधलं आणि शरमलो.

हजरत अनस यांच्या रिवायतीत एका शिंप्याच्या घरची दावत आहे. जवाची भाकरी, सुकं मांस आणि 'दुब्बा' घातलेला रस्सा. पैगंबर साहेब त्यातले दुब्ब्याचे तुकडे शोधून खात होते. उर्दूत दुब्ब्याचा 'कद्दू' झाला. उर्दूत कद्दू दुधीलाही म्हणतात आणि लाल भोपळ्यालाही. गोंधळ तिथेच झाला. लाल भोपळा मूळचा अमेरिकेचा. 1492 साली कोलंबस तिकडे पोहोचेपर्यंत अरबस्तानात किंवा हिंदुस्तानात तो कोणी पाहिलेला नव्हता. मग सातव्या शतकातल्या मदिनेत तो रश्श्यात कसा पडेल? तो दुब्बा म्हणजे आपला दुध्या भोपळाच. अम्मी बरोबर होती.

पण दुधी तरी 'इथला' आहे का? त्याचं मूळ आफ्रिकेत, फक्त तो हजारो वर्षांपूर्वीच इकडे आला. चवळीही आफ्रिकेची. वांगं मात्र आपल्याच बाजूचं. मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून आली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त पदार्थांचं साहित्य लिहून ठेवलं, त्यात काळी मिरी आहे, मिरची नाही. आपण मिरीवरूनच तिचं नाव ठेवलं आणि ती घरची झाली. आज मिरचीशिवाय कोकणात कालवण होत नाही, आणि तिला तिचं गाव कोणी विचारत नाही.

दुधीच्या जातीचाच मोठा भोपळा वाळवून मिरजेचे शिकलगार कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे बनवत आले. असे भोपळे पंढरपूरच्या बाजूला, भीमेकाठी पिकतात. वेल आफ्रिकेचा, माती भीमेची, हात मुसलमान कारागिरांचे आणि सूर मैफलीत बसलेल्या सगळ्यांचा. कोण मूळचं आणि कोण बाहेरचं, ही चर्चा हल्ली नाक्यानाक्यावर ऐकू येते. ती ऐकताना मला परसातला मांडव आठवतो.

शेवटी मांडवावर दुधी चढवला. लाल भोपळ्याचा वेल कुंपणाकडेला सोडला, त्याला जमिनीवर पसरायला आवडतंच. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा पहिल्याच तासाला फळ्यावर 'कद्दू' लिहिलं आणि मुलांना म्हटलं, "गेल्या वर्षी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं."

एका मुलीने विचारलं, "सर, मग लाल भोपळा खायचा नाही का?"

खायचा, बेटा. दोन्ही खायचे. फक्त कोण कुठून आलं ते माहीत असावं, आणि ते माहीत झाल्यावर कोणाला परसातून उपटू नये.