संगणकाची शुद्धिपत्रे

पाठ्यपुस्तकासोबत येणारे शुद्धिपत्र शिक्षकांना नवे नाही. ‘पान ४२, ओळ ७ : ‘वस्तुमान’ऐवजी ‘वजन’ वाचावे.’ वर्गातील किती मुले ती दुरुस्ती पुस्तकात खरोखर करतात, हेही त्यांना ठाऊक असते! संगणकाच्या क्षेत्रात नेमकी हीच अडचण गेली ऐंशी वर्षे निरनिराळ्या रूपांत समोर येत आहे.

हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क १’ हा संगणक १९४४ साली कामाला लागला. त्याला सूचना मिळत त्या कागदी फितीवरील छिद्रांमधून. सूचना चुकली की कागदाचा तुकडा चिकटवून छिद्र बुजवायचे. ‘पॅच’ म्हणजे ठिगळ. तो शब्द इथे अक्षरशः लागू पडतो. फीत तेवढी एकच, म्हणून दुरुस्तीही एकदाच.

पुढे एकाच आज्ञावलीच्या शेकडो प्रती ठिकठिकाणी गेल्या. १९७०च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय यांनी ‘डिफ’ ही आज्ञावली लिहिली. दोन मजकुरांतील फरक ती ओळीवार काढून देई, म्हणजे शुद्धिपत्र आपोआप तयार होई. ओळींच्या क्रमांकांवरून दुरुस्ती यंत्राकडून करवून घेणेही शक्य होते. पण एखाद्याने आपल्या प्रतीत स्वतःच्या चार ओळी आधीच घातल्या असतील, तर पुढचे सगळे क्रमांक सरकत आणि दुरुस्ती भलत्याच जागी पडे.

लॅरी वॉल यांनी १९८५ साली ‘पॅच’ नावाचीच आज्ञावली लिहून यावर तोड काढली. ती केवळ क्रमांकावर विसंबत नसे. बदलायच्या ओळीच्या आसपासचा मजकूर ती पाही. तो तिथे नसला तर थोडे वर, थोडे खाली शोधी. कुठेच जुळले नाही, तर ती दुरुस्ती नाकारलेली म्हणून वेगळ्या फाइलीत काढून ठेवी, म्हणजे माणसाने पाहावे. वॉल यांचे नाव १९८७च्या ‘पर्ल’ या भाषेमुळे अधिक झाले. पण दूरदूरच्या अनोळखी माणसांना एकाच आज्ञावलीवर मिळून काम करणे ज्यामुळे सुकर झाले, ती ‘पॅच’ मला अधिक मोलाची वाटते.

यानंतरचा प्रश्न परस्परावलंबनाचा. एका पॅकेजला दुसरे लागते, दुसऱ्याला तिसऱ्याची विशिष्ट आवृत्ती लागते. इअन मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या ‘डेबियन’ प्रकल्पात प्रत्येक पॅकेजवर ‘मला काय लागते’ याची नोंद असे, मात्र ते शोधून आणण्याचे काम बरेचसे वापरणाऱ्याचेच. १९९९च्या आवृत्तीबरोबर आलेल्या ‘ॲप्ट’ने ही साखळी स्वतः सोडवून सर्व काही जाळ्यावरून आणायला सुरुवात केली. त्यात ‘अपडेट’ म्हणजे फक्त उपलब्ध पॅकेजांची यादी ताजी करणे. प्रत्यक्ष पॅकेजे बदलते ते ‘अपग्रेड’. नवशिक्यांचा गोंधळ इथेच होतो.

मग सदैव नवीनतम आवृत्ती घ्यावी काय? ‘अपाची स्ट्रट्स’ या पॅकेजमधील एका भोकाची दुरुस्ती ७ मार्च २०१७ रोजी प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील ‘इक्विफॅक्स’ या पतमाहिती कंपनीने ती वेळेवर बसवली नाही. मे महिन्यात त्याच भोकातून चोर शिरले आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली.

याच्या अगदी उलट प्रसंग २०२४चा. ‘एक्सझेड’ या माहिती आकुंचित करणाऱ्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या नव्या आवृत्त्यांत कोणी तरी चोरदरवाजा ठेवला होता. हे काम करणाऱ्याने दोनेक वर्षे इमानाने मदत करून सर्वांचा विश्वास मिळवला होता. दूरच्या संगणकात प्रवेश करताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्या खुणेवरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते हुडकले आणि २९ मार्चला जाहीर केले. डेबियनच्या चाचणीसाठीच्या शाखांत त्या आवृत्त्या तोवर पोहोचल्याही होत्या. तिची ‘स्थिर’ शाखा मात्र वाचली. त्या शाखेत पॅकेजच्या आवृत्त्या मुद्दाम जुन्याच ठेवतात आणि सुरक्षेची दुरुस्ती निघाली की सहसा तेवढ्याच ओळींचे ठिगळ जुन्या आवृत्तीला लावतात.