हुतात्म्यांच्या यादीबाहेरचे

मुंबईच्या हुतात्मा चौकात मशाल हाती घेतलेले शेतकरी आणि कामगार उभे आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, त्यात पंधरा जणांचा बळी गेला. पुढे जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत आणखी रक्त सांडले. हुतात्म्यांचा १०६ हा आकडा आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतो आणि तो असायलाच हवा. पण त्या दिवसांत जखमी किती झाले, हे विचारले तर मराठी माणसाच्या तोंडी आकडा येत नाही. कुणाच्या मांडीतून गोळी आरपार गेली, कुणाचा हात लाठीने निकामी झाला, त्यांच्या औषधपाण्याचा खर्च कुणी केला, कामावर खाडे पडले तेव्हा चूल कशी पेटली, यांतले काहीच सार्वजनिक स्मृतीत उरले नाही. याला विसराळूपणा म्हणून सोडून देता येत नाही. आंदोलनात मेलेल्या माणसाला समाज आणि सरकार आज ना उद्या मान देतात. जखमी माणसाने मदत मागितली, की त्याला आधी ‘मी तिथे होतो’ अशी कबुली द्यावी लागते. मदतीच्या दारात कबुलीचा उंबरठा घातला की जखमी माणूस दाराशी येत नाही, आणि जो आलाच नाही त्याची नोंदही होत नाही.

याचा सर्वांत ढळढळीत पुरावा अमृतसरचा आहे. १३ एप्रिल १९१९ ला जालियनवाला बागेत गोळीबार झाला, त्या वेळी शहरात रात्री आठनंतर संचारबंदी होती. जखमींना उचलायला आलेल्या नातेवाइकांना माघारी फिरावे लागले, कित्येक जण रात्रभर बागेतच तळमळत राहिले. पुढे सरकारने नेमलेल्या हंटर समितीसमोर, गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या जनरल डायरला जखमींच्या उपचाराबद्दल विचारले गेले. ते आपले काम नव्हते, इस्पितळे उघडी होती, लोकांनी तिथे जायचे होते, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. इस्पितळे उघडी होती हे खरे मानले, तरी अटकसत्र चालू असलेल्या शहरात अंगावर गोळीची जखम घेऊन तिथे जाणे म्हणजे आपणहून पोलिसांच्या हाती सापडणे होते. त्याचा परिणाम सरकारच्या आकड्यांत दिसतो. समितीने मृतांचा आकडा ३७९ असा एककापर्यंत दिला. जखमींचा मात्र अंदाज बांधला : मृतांच्या साधारण तिप्पट असावेत. मेलेल्यांची मोजणी झाली आणि जिवंत राहिलेल्यांचा गुणाकार झाला, यापेक्षा अधिक स्पष्ट कबुलीजबाब सरकारी कागदात सापडणे कठीण आहे. काँग्रेसने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी समितीत गांधीजींबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. सरकारी समितीपुढे जायला न धजावलेल्या माणसांपर्यंत पोचणारी दुसरी यंत्रणा हवी, हे त्या समितीच्या जन्मामागचे एक मोठे कारण होते.

सविनय कायदेभंगापर्यंत चळवळीने हा धडा घेतलेला होता. २१ मे १९३० ला धारासण्याच्या मिठागरावर सत्याग्रहींच्या रांगा एकामागून एक पुढे गेल्या आणि लोखंडी टोकाच्या लाठ्यांखाली कोसळल्या. अमेरिकी बातमीदार वेब मिलर यांनी तिथल्या तात्पुरत्या इस्पितळात स्वतः फिरून ३२० जखमी मोजले. कित्येक जण डोके फुटून बेशुद्ध पडले होते, काही पोटावरच्या माराने कळवळत होते. स्ट्रेचर अपुरे पडले म्हणून माणसे घोंगड्यांत घालून आणली जात होती आणि त्या घोंगड्या रक्ताने भिजल्या होत्या. धारासण्याची जगाला ओळख आहे ती या मोजणीमुळे, आणि ती मोजणी शक्य झाली कारण जखमींना ठेवायला एक आपली जागा होती. मुंबईत त्याच वर्षी काँग्रेसने मोफत रुग्णालय चालवले, लाठीमार होताच धावणारी रुग्णवाहिका ठेवली. त्या काळच्या छायाचित्रांत डोक्याला, हाताला पट्ट्या बांधलेले स्वयंसेवक खाटांवर दिसतात. ते लपलेले नाहीत, कॅमेऱ्याकडे बघताहेत. ज्या इस्पितळात नाव सांगितल्याने अटक होत नाही, तिथे जखम लपवावी लागत नाही.

हीच सोय कायमची का झाली नाही, याचे उत्तर कायद्याच्या घडणीत आहे. १८६१ च्या पोलीस कायद्यात पुढे घातलेल्या कलमाने आणि आपल्याकडच्या १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याच्या ५१ व्या कलमाने दंगलीतील नुकसानीची भरपाई मान्य केली. पण ती बेकायदा जमावाने केलेल्या नुकसानीची, आणि तीही त्या प्रसंगात ज्याच्याकडे काही दोष नाही अशालाच. म्हणजे जमावाने डोके फोडले तर दावा लावता येतो, जमावात असताना पोलिसांच्या लाठीने फुटले तर त्या कलमात जागा नाही. २००८ साली फौजदारी प्रक्रिया संहितेत पीडितांच्या भरपाईची तरतूद आली, पण ती संहिता २०२४ मध्ये जाईपर्यंत तिच्या व्याख्येत पीडित म्हणजे ज्याला इजा करणाऱ्यावर आरोप ठेवला गेला आहे असा माणूस होता. लाठी चालवणाऱ्यावर आरोप क्वचितच ठेवला जातो, तेव्हा खाणारा पीडित ठरायचा कसा? उलट त्याच्यावरच बेकायदा जमावाचा गुन्हा नोंदलेला असतो.

सरकारने लाठीची जखम कधीच ओळखली नाही असे मात्र नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू केले. त्यात तुरुंगवास भोगलेल्यांबरोबर गोळीबारात किंवा लाठीमारात कायमचे अपंगत्व आलेल्यांनाही पात्र धरले. गोवा मुक्तिलढ्यातले सत्याग्रहीही त्या योजनेत आले. ही मोठी गोष्ट होती, पण अट बघा : अपंगत्व कायमचे हवे आणि लढा स्वातंत्र्याचा हवा. सहा महिने खाटेवर पडून कर्जबाजारी झालेला आणि नंतर लंगडत का होईना कामावर गेलेला माणूस त्यात बसत नाही. महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणीबाणीतील बंदींना मानधन दिले, तेही तुरुंगातल्या दिवसांवर मोजून. तुरुंगवास सरकारच्याच नोंदवहीत असतो, म्हणून तो सिद्ध करता येतो. मोडलेल्या हाडाची नोंद जखमी माणसाला स्वतः जपावी लागते, आणि ती जपणेच त्याला धोक्याचे असते.

यावर पहिला आक्षेप असा की कायदा मोडणाऱ्याने परिणाम भोगावेत, करदात्याने त्याचे बिल का भरावे? पण खुनाची शिक्षा भोगणाऱ्या कैद्याचा पाय मोडला तरी सरकार त्यावर उपचार करते, आणि ते योग्यच आहे. बंदोबस्तात जखमी झालेल्या शिपायाचा खर्च सरकार उचलते, तेही योग्यच. मग ज्याचा गुन्हा अजून सिद्धही झालेला नाही त्यालाच तेवढे वगळण्याचा आधार काय? शिवाय जमावात सापडलेला प्रत्येक जण दगड मारणारा नसतो. नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी मोर्चात लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसे गेली, त्यांत बायका-मुले मोठ्या संख्येने होती. मृतांचे स्मारक उभे राहिले, उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव मिळाले. पाचशेहून अधिक जखमी मात्र ‘पाचशेहून अधिक’ एवढेच राहिले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : मोर्चा काढणाऱ्या संघटनेनेच आपल्या माणसांची जबाबदारी घ्यावी. १९३० मध्ये तेच झाले होते. पण तेव्हा काँग्रेसमागे मुंबईचे व्यापारी होते, डॉक्टर होते, देणग्यांचा ओघ होता. गोवारींसारख्या गुरे राखणाऱ्या समाजाच्या मोर्चामागे कोण असते? संघटनेवर सोडणे म्हणजे श्रीमंत चळवळीचा जखमी वाचवणे आणि गरीब चळवळीचा सावकाराच्या दारी पाठवणे.

आजचा जखमी सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत पोचतो तेव्हा केसपेपरवर ‘एमएलसी’ (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) असा शिक्का पडतो आणि इस्पितळातून पोलीस ठाण्याला कळवले जाते. १९८९ च्या परमानंद कटारा निकालाने डॉक्टरांना बजावले आहे की पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार अडवायचे नाहीत, आणि त्यामुळे पहिले टाके तरी पडतात. पुढच्या शस्त्रक्रियेसाठी, सळईसाठी, फिजिओथेरपीसाठी पैसे लागतात. मग आमदाराचे पत्र, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटेची चौकशी, असा फेरा सुरू होतो. प्रत्येक खिडकीवर एकच प्रश्न येतो : इजा कशी झाली? ‘जिन्यावरून पडलो’ असे सांगणाऱ्याला दोष देता येणार नाही. त्या एका वाक्याने तो अटकेतून वाचतो, आणि त्याच वाक्याने भरपाईचा हक्क व इतिहासातली जागा दोन्ही गमावतो. या पेचातून वाट काढता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने एकदा दाखवले आहे. बिहारमधील अरवल येथे एप्रिल १९८६ मध्ये भूमिहीनांच्या सभेवर पोलिसांनी गोळीबार केला. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सच्या अर्जावर न्यायालयाने १९८७ मध्ये मृतांच्या वारसांना प्रत्येकी वीस हजार आणि जखमींना प्रत्येकी पाच हजार रुपये द्यायला सांगितले. दोष कुणाचा, याचा निवाडा लागेपर्यंत न्यायालय थांबले नाही आणि पुढे अधिक भरपाई मागण्याचा हक्कही खुला ठेवला. रक्कम तेव्हाही तुटपुंजीच होती. पण त्या आदेशात मृतांच्या रकमेच्या पाठोपाठ जखमींसाठीही एक रक्कम लिहिलेली होती, आणि ती वाटायची तर बिहार सरकारला जखमींची नावे लिहून काढणे भाग होते.