शेवटची दोन मीटर तार

तारेची लांबी आणि तिच्यातून जाणाऱ्या संदेशाची शुद्धता यांचा संबंध हा विजेच्या इतिहासातला जुना आणि एके काळी फार महागात पडलेला प्रश्न आहे. समुद्रतळावरून टाकलेल्या तारेत तांब्याचा गाभा, त्यावरचे गटापर्चा या रबरासारख्या चिकाचे वेष्टन आणि बाहेरचे खारे पाणी मिळून विद्युतभार साठवणारी एक प्रचंड लांब रचना तयार होते. ती भरण्यास आणि रिकामी होण्यास वेळ लागत असल्याने एका टोकाला दिलेला तीक्ष्ण ठोका दुसऱ्या टोकाला पसरट होऊन पोहोचतो, आणि हा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी १८५० च्या दशकाच्या मध्यास गणिताने दाखवून दिले होते. १८५८ च्या अटलांटिक तारेवरून राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पाठवण्यास सुमारे १६ तास लागले, आणि तारकंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी सुमारे २००० व्होल्टचा दाब लावल्यावर आधीच सदोष असलेली ती तार काही आठवड्यांत निकामी झाली. १८७० मध्ये मुंबई एडन आणि सुएझमार्गे समुद्री तारेने लंडनशी जोडली गेली, तोवर थॉमसन यांचे गणित धंद्याने निमूटपणे स्वीकारले होते. पुढे टेलिफोनच्या लांब मार्गांवर आवाज बोथट होऊ लागला तेव्हा ऑलिव्हर हेविसाइड यांच्या सिद्धांताने आणि त्यावर आधारलेल्या वेटोळ्यांनी तोच प्रश्न पुन्हा सोडवला. त्यामुळे तारेची लांबी ध्वनीवर परिणाम करते, हे विधान मुळात अंधश्रद्धेचे नाही. प्रश्न एवढाच राहतो की कोणती तार, किती लांब, आणि तिच्यातून नेमके काय वाहते.

घरगुती हाय-फाय, म्हणजे मूळ ध्वनीशी शक्य तितके इमान राखणारी यंत्रणा, दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन आणि अमेरिकेत रुजली, तेव्हा तिच्या कर्त्यांना तारांविषयी विशेष काही वाटत नव्हते. व्हार्फडेल ध्वनिक्षेपकांचे गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९५० च्या दशकात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये भरगच्च श्रोत्यांसमोर प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण यांची तुलना करणारी प्रात्यक्षिके केली, आणि क्वाड कंपनीचे पीटर वॉकर त्यांत सहभागी होते. परंतु चर्चा होती ती ध्वनिक्षेपकांची, सभागृहाची आणि तबकडीची. विजेची तार यंत्राच्या पाठीतून कायमची बाहेर आलेली असे. ब्रिटनमध्ये तर १९९४ च्या नियमांपर्यंत पुष्कळशी उपकरणे प्लगशिवायच विकली जात आणि ग्राहक स्वतः स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तारेच्या टोकाला प्लग जोडत असे. तार लांब वाटली तर तो ती कापत असे, आणि त्या कापण्याने सुरांचे काही बिघडेल अशी शंका त्याला शिवत नसे.

ही स्थिती बदलण्यामागे श्रवणाचा कोणताही शोध नव्हता, तर जोडणीचे एक प्रमाणीकरण होते. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने १९७० मध्ये उपकरणांच्या जोडणीचे ३२० क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले, आणि यंत्राच्या पाठीवर तीन पिनांची खाच ठेवून तार वेगळी देण्याची पद्धत हळूहळू रुळली, कारण एकच यंत्र अनेक देशांत पाठवताना केवळ तार बदलली की काम भागत असे. आज संगणकाला लागणारी, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ढिगाने मिळणारी तार याच कुळातली आहे. तार यंत्रापासून सुटी झाली आणि त्यामुळेच ती स्वतंत्रपणे विकता येणारी वस्तू झाली. पॉवर केबलच्या ‘ध्वनी’चा इतिहास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.

पॉवर केबल अशी विकली जाण्यापूर्वी ध्वनिक्षेपकाच्या तारेने वाट मोकळी केली होती. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत काम केलेल्या नोएल ली यांनी १९७९ मध्ये मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली आणि तोपर्यंत फुकट मिळणाऱ्या तारेला नाव, वेष्टन आणि किंमत दिली. यात तथ्यांश होता. ध्वनिक्षेपकाचा विद्युतरोध बहुधा ८ ओहमच्या आसपास असतो, म्हणून तारेचा रोध त्याच्या विसाव्या भागापेक्षा, म्हणजे ०.४ ओहमपेक्षा, कमी ठेवावा असा एक व्यावहारिक दंडक आहे. दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या दुहेरी तारेत ही मर्यादा सुमारे १७ मीटरवर येते, आणि अगदी बारीक तारेत पुष्कळ आधी. ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने १९८३ मध्ये घेतलेल्या चाचणीत फार बारीक तार ओळखू आली, ती मुख्यतः आवाजाची पातळी घटल्यामुळे. साधी जाड तार आणि महागडी तार यांच्यात मात्र संगीत ऐकताना खात्रीने निवड करता आली नाही. तथ्यांश असा मर्यादित असला तरी विक्रेत्याचा नफा तारेवर यंत्रापेक्षा अधिक सुटत होता, आणि १९९० च्या दशकात तोच व्यापारी तर्क भिंतीतल्या सॉकेटपर्यंत येऊन पोहोचला.

पॉवर केबलची गोष्ट मात्र मुळातच वेगळी आहे, कारण तिच्यातून संगीत वाहत नाही. तिच्यातून ५० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांचा, पुरवठा येतो. ट्रान्सफॉर्मर तो योग्य दाबावर आणतो, दिष्टकारी त्याला एकदिश करतो आणि मोठे कपॅसिटर तो साठवून ठेवतात, तेव्हा कुठे संगीताच्या मंडलाला वीज मिळते. थॉमसन यांचा विलंब येथे लागूच होत नाही, कारण ५० हर्ट्झच्या विद्युतचुंबकीय लहरीची लांबी सुमारे ६००० किलोमीटर भरते आणि तिच्यापुढे घरातली तार नगण्य ठरते. राहतो तो रोध: दीड चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर तारेचा जाण्यायेण्याचा रोध ०.०५ ओहमहून कमी असतो, म्हणजे दोन अँपिअर प्रवाह घेतला तर २३० व्होल्टमधला एक-दशांश व्होल्ट तिच्यात खर्ची पडतो, आणि शेजारची लिफ्ट सुरू होताना याहून कितीतरी अधिक चढउतार होत असतात. कपॅसिटर लाटेच्या शिखरावरच भरत असल्याने प्रवाह सलग न येता सेकंदाला शंभर तीव्र ठोक्यांत येतो आणि म्हणून जाड तार हवी, हा समर्थकांचा युक्तिवाद निराधार म्हणता येत नाही. परंतु तेच ठोके भिंतीतल्या वीसतीस मीटर सामान्य तारेतूनही येतात, ही बाब त्यात सोयीस्करपणे बाजूला पडते.

लांबीचा परिणाम एका आडवाटेने मात्र होऊ शकतो, आणि जुन्या यंत्रदुरुस्तीवाल्यांना तो चांगला ठाऊक होता. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईपासून येणारा संकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा, काही प्रकारांत त्याहूनही क्षीण, असतो; उरलेली पॉवर केबल गुंडाळून त्याच्या तारेशेजारी किंवा समांतर ठेवली, तर तिच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र त्या संकेतात ५० हर्ट्झची घरघर मिसळते. दोन उपकरणे दूरदूरच्या सॉकेटांतून अर्थिंग घेत असतील आणि संकेताच्या तारेने एकमेकांशी जोडलेली असतील, तर अर्थिंगचे वर्तुळ पूर्ण होऊन अशीच घरघर येते. दोन्ही दोष कानाला स्पष्ट कळतात, आणि दोन्हींचा उपाय जवळजवळ फुकट आहे. बहुधा म्हणूनच जाहिरातींत त्यांना जागा मिळाली नाही.

जाहिरातींतला सल्ला तर परस्परविरोधी होता. काही उत्पादकांनी तार शक्य तितकी आखूड ठेवण्यास सांगितले, तर काहींनी दीड-दोन मीटरहून कमी घेऊ नये असे बजावले, कारण त्यांच्या मते तार स्वतःच गाळणीचे काम करत होती. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात हौशी श्रोत्यांवर, कोणती तार जोडली आहे हे कळू न देता, नॉर्डॉस्ट कंपनीच्या महागड्या पॉवर केबलची साध्या तारेशी तुलना करणारी चाचणी झाली. १४९ उत्तरांपैकी ७३ बरोबर आली, म्हणजे नाणे उडवूनही जवळपास तेवढीच आली असती. या निकालाने बाजार मंदावला नाही, कारण डोळ्यांना तार दिसत असताना ऐकू येणारा फरक ऐकणाऱ्याला खराच वाटत असतो, आणि त्याला लबाड ठरवणे अन्यायाचे होईल.

विजेची तार ध्वनी घडवते या विचाराची तर्कशुद्ध परिणती जपानमध्ये झाली. तेथे घरगुती दाब १०० व्होल्टचा असल्याने तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह अधिक लागतो, आणि खांबावरचा ट्रान्सफॉर्मर अनेक घरांत वाटला जातो. त्यामुळे काही श्रीमंत रसिकांनी अंगणात स्वतःचा विजेचा खांब आणि स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर उभारून घेतला, असे वृत्त २०१६ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने दिले. शेवटची दोन मीटर तार बदलून आधीची सारी तार विसरणाऱ्या ग्राहकापेक्षा या रसिकांचा हिशेब अधिक सुसंगत होता, जरी त्यांच्याही खांबापर्यंतची वाहिनी वीज कंपनीचीच राहिली.