माळ्यावरची ट्रंक आणि तीन मिनिटांचं गाणं

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा बहुतेकांना वाटलं की मी पाण्याच्या टाकीचा आणि बोअरचा इतिहास लिहिणार. तो सेक्रेटरींनी लिहिला आहे आणि चांगला लिहिला आहे. मला लिहायचं आहे ते जिन्याखाली सापडलेल्या तेवीस रेकॉर्डबद्दल.

दिवाळीआधी आपल्याकडे रंगकाम चाललं होतं. सगळ्यांचे माळे रिकामे झाले. एका घरातून एक जुनी लोखंडी ट्रंक भंगारात गेली. ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काळ्या तबकड्या होत्या. भंगारवाल्याने ट्रंक काट्यावर घातली, पैसे दिले आणि तबकड्या जिन्याखाली ठेवून दिल्या. मी विचारलं तर म्हणाला, "काका, हे लोखंडात बी बसत न्हाय अन् पलास्टिकात बी न्हाय. फुटतंय नुसतं." त्याचं बरोबरच होतं. सहा फुटलेल्या निघाल्या, सतरा शाबूत. त्या घरातल्या आजी आता नाहीत, आणि मुलगा म्हणाला, "तुम्हाला नाद आहे, तुम्हीच न्या."

त्या सतरांमध्ये काय काय होतं ते पुढे सांगतो. आधी ह्या वस्तूची गोष्ट.

भंगारवाल्याला जे कळेना ते म्हणजे लाख. लाखेच्या किड्यापासून मिळणारी आपल्याच देशातली लाख, त्यात दगडाची पूड आणि काजळी, अशा मिश्रणाच्या ह्या तबकड्या. म्हणून जड, आणि म्हणून काचेसारख्या फुटणाऱ्या. गायनाच्या रेकॉर्ड भारतात खऱ्या अर्थाने सुरू झाल्या त्या १९०२ च्या नोव्हेंबरात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाईसबर्ग कलकत्त्याला उतरला आणि त्याने गौहरजान यांचं गाणं घेतलं. मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा, त्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या जोरावर सुई हलायची आणि मेणाच्या चकतीवर रेघ उमटायची. ते मेणाचे साचे बोटीने जर्मनीत हॅनोवरला जायचे, तिथे तबकड्या छापून परत बोटीने इकडे यायच्या. कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला तो १९०८ साली. तोपर्यंत गाणं आपलं, लाख आपली, आणि छपाई जर्मनीची!

गौहरजान गाणं संपलं की इंग्रजीत आपलं नाव सांगत. पुष्कळ गायिका-गायकांनी तसं केलं. परदेशात छापणाऱ्यांना साचा कोणाचा हे कळावं म्हणून ही पद्धत पडली असं म्हणतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता तीन मिनिटांचं काय? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं, बारा इंचीला चार-साडेचार. रात्र रात्र चालणारा ख्याल त्यात कसा बसवायचा? जुने गवई बिचकत, ते उगाच नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले. रेकॉर्डचा धंदा जोरात असतानाही ह्या दोघांचं गाणं तबकडीवर आलं नाही. आपण त्यांना ओळखतो ते शिष्यांच्या गळ्यातून. पण ज्यांनी तीन मिनिटांचं गणित जमवलं त्यांनी कमाल केली. विलंबित बाजूला ठेवून एकदम मध्य किंवा द्रुत लयीतली बंदिश घ्यायची, चार स्वरांत राग उभा करायचा, मोजक्या ताना आणि सुई थांबायच्या आत समेवर यायचं. माझ्या मते ही स्वतंत्रच कला होती, आणि आज दीड तासाची मैफल ऐकूनही कधीकधी तेवढा राग हाती लागत नाही. हे मत पटणार नाही त्यांनी रविवारी माझ्याशी भांडावं.

ट्रंकेतली सगळ्यात चांगली तबकडी अब्दुल करीमखाँसाहेबांची. खाँसाहेब कैरानाचे, पण आपण त्यांना मिरजेचे म्हणतो आणि त्यात चूक काही नाही. पुण्यात त्यांनी १९१३ साली आर्य संगीत विद्यालय काढलं, मिरजेत घर केलं, आणि मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या नावाने अजून गाणं होतं. शतकाच्या सुरुवातीला कर्ण्याच्या काळात त्यांनी काही रेकॉर्ड दिल्या, पण आपण ज्या ऐकतो त्या बहुतेक १९३० नंतरच्या. तोवर मायक्रोफोन आला होता. हा आवाज बारीक, नाजूक, श्रुतीच्या कडेवरून चालणारा; कर्ण्यात ओरडण्याचा नव्हेच. यंत्र सुधारलं आणि खाँसाहेब हयात होते, हे आपलं नशीब. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासकडे प्रवासात असताना एका लहान स्टेशनवर ते गेले.

त्यांच्या झिंझोटीतल्या ठुमरीची रेकॉर्ड गदगमधल्या एका मुलाने ऐकली. मुलगा अकरा वर्षांचा. असं गायला यायला पाहिजे म्हणून तो १९३३ साली घर सोडून पळाला, ग्वाल्हेर, जालंधर असा हिंडला, आणि शेवटी घराजवळच, कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे येऊन शिकला. सवाई गंधर्व खाँसाहेबांचेच शिष्य. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. गुरू गेल्यावर १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्व महोत्सव सुरू झाला. आपल्या सोसायटीतून दरवर्षी डिसेंबरात जी मंडळी स्वेटर, मफलर आणि डबे घेऊन पुण्याला जातात, त्यांच्या ह्या वारीच्या मुळाशी एक तीन मिनिटांची तबकडी आहे. (तीच ठुमरी सैगल यांनी 'देवदास'मध्ये गायली. पण खाँसाहेबांची आधी ऐका.)

बाकीच्यांत खाँसाहेबांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांच्या तीन, बालगंधर्वांच्या चार, मास्टर दीनानाथांच्या दोन, रामकृष्णबुवा वझ्यांची एक, आणि उरलेल्या बँडच्या, नकलांच्या. म्हणजे आजींच्या घरात शास्त्रीय, नाटकाचं आणि करमणुकीचं असं वेगळं काही नव्हतं. सगळं गाणंच.

पुढचं थोडक्यात सांगतो. १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले आली, आपल्याकडे दहाएक वर्षांनी रुळली. मिनिटाला अठ्ठ्याहत्तरऐवजी सव्वातेहतीसच्या आसपास फेरे, एका बाजूला वीस मिनिटांच्या वर. आता विलंबित बसू लागलं. अमीरखाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी अशी जी एल.पी. आहे, ती ह्या नव्या जागेचा सगळ्यात चांगला उपयोग, असं मला वाटतं. पण एल.पी. घेण्याची ऐपत किती घरांत होती? आमच्या घरी नव्हती. आमच्याकडे गाणं आलं ते रेडिओवरून. १९५२ पासून शनिवारी रात्री संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, १९५३ साली पुणे केंद्र निघालं, १९५५ साली गीतरामायण. राम फाटकांच्या चाली आणि भीमसेनजींचा आवाज ह्यांतून अभंग घराघरांत गेले ते पुणे केंद्रामुळेच. वारीच्या वाटेवरच्या गावाला तुकोबांचे अभंग नवे नव्हते, पण रागात बांधलेला अभंग नवा होता.

आणि मग कॅसेट. बारामतीच्या दुकानात कोऱ्या कॅसेट मिळू लागल्या आणि आमच्यासारख्यांचा संग्रह सुरू झाला. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. पुण्यात अलूरकर म्युझिक हाऊसने मैफलींच्या ध्वनिफिती काढल्या. मल्लिकार्जुन मन्सूरांचे अनवट राग आम्हाला तिथूनच मिळाले. शिवाय प्रतीची प्रत, त्या प्रतीची प्रत. कुमार गंधर्वांची एखादी खाजगी मैफल पाचव्या हातातून यायची तेव्हा तंबोऱ्यापेक्षा खरखर जास्त. तरी ऐकायचो.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. १९८९ च्या वारीत, पालखी काटेवाडीत आली त्या दिवशी, माझे वडील दिंडीबरोबर गायले. धोतरांच्या पायघड्या घातल्या होत्या, मेंढ्यांचं रिंगण व्हायचं होतं, आणि वडिलांनी भैरवी धरली. माझ्याकडे टू-इन-वन होता. मी ते टिपून घेतलं. बावीस मिनिटं. मागे मेंढ्यांच्या घंटा, पखवाज, आणि कोणीतरी "अरं सरका, सरका" म्हणतंय. दोन वर्षांनी एका शनिवारी रात्री रेडिओवर एका मोठ्या गवयाचं गाणं लागणार होतं, कोरी कॅसेट घरात नव्हती, दुकान बंद. हाताला लागली ती कॅसेट मी घातली आणि लाल बटण दाबलं. वडील शेजारी बसून ऐकत होते. त्यांना ठाऊक होतं, पण ते काही बोलले नाहीत. त्या वेळी मलाही फारसं वाटलं नाही. वडील काय, पुढच्या वारीलाही गातील. ते गेले १९९४ साली.

ज्या गाण्यासाठी मी ते पुसलं, ते आज मोबाईलवर चार ठिकाणी सापडतं. वडिलांचा आवाज कुठेच नाही. बावीस मिनिटांवर पंचेचाळीस मिनिटं चढली, त्यामुळे शेपूटसुद्धा उरलं नाही. कॅसेटच्या पाठीवर दोन बारीक खुंट्या असतात; त्या मोडून टाकल्या की वरून काही भरता येत नाही. दोन सेकंदांचं काम.

म्हणून आता ज्यांच्या घरी असं काही आहे त्यांना काही गोष्टी सांगतो. सगळ्या मी चुकून शिकलेलो आहे.

लाखेची रेकॉर्ड स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने कधी पुसू नका, लाख विरघळते. मऊ फडकं, थोडं पाणी, लेबल कोरडं ठेवून. एकावर एक थप्पी लावू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. एल.पी.ची बारीक सुई अठ्ठ्याहत्तरच्या रुंद खोबणीत तळाशी घासते, आवाजही येत नाही आणि रेकॉर्डही जाते. तिला जाड सुई वेगळी मिळते. चावीच्या फोनोवर वाजवणार असाल तर पोलादी सुई प्रत्येक बाजूला नवी.

वेगाचं विशेष सांगतो, कारण ह्यात जाणकारही फसतात. अठ्ठ्याहत्तर हा आकडा नंतर पक्का झाला. सुरुवातीच्या कित्येक रेकॉर्ड थोड्या कमी किंवा जास्त वेगाने घेतलेल्या आहेत. चौऱ्याहत्तरने घेतलेली अठ्ठ्याहत्तरने वाजवली तर गाणं जवळजवळ अर्धा स्वर वर चढतं आणि लयही वाढते. मग आपण म्हणतो, "काय हो जुन्या लोकांचे आवाज!" तो आवाज बुवांचा नसतो, मोटारीचा असतो. मोबाईलवर मिळणाऱ्या जुन्या गाण्यांतही ही गफलत आहे, आणि तिथे वर राग चुकीचा, साल नाही, तबल्यावर कोण ते नाही. माझ्या दृष्टीने संग्रह म्हणजे हजार गाणी साठवणं नव्हे. पन्नासच असू द्या, पण प्रत्येकीपुढे एका वहीत कोण, कोणता राग, कधीचं, साथीला कोण, कोणाच्या घरून आली एवढं लिहिलेलं पाहिजे. ज्यांना मोठं काम बघायचं आहे त्यांनी मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं बघावं. १९९० पासून ही मंडळी रेकॉर्डची नोंद करत आली आहेत. कायद्याची भीती वाटत असेल तर, ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं असतो. म्हणजे ट्रंकेतल्या सगळ्या सतरा मोकळ्या आहेत.

बुरशी लागलेल्या, फीत अडकलेल्या कॅसेटही टाकू नका. फीत तुटली तर जोडता येते. आजीच्या ओव्या असतील, बारशाचा पाळणा असेल, तर आधी तेच आणा. गवयांचं नंतर बघू. जात्यावरच्या ओव्यांचं काम पुण्यातल्या ग्यी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी केलं. गावोगाव फिरून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या बायकांचं नाव-गाव ओवीबरोबर लिहिलं, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं.

मुलांसाठी एक गोष्ट. १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. त्यात जगभरच्या संगीताबरोबर साडेतीन मिनिटं केसरबाई केरकरांची भैरवी आहे. 'जात कहाँ हो' हे तिचं नाव. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या, अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. म्हणजे ज्या गुरूची एक तबकडी पृथ्वीवर नाही, त्यांच्या शिष्येची सूर्यमालेच्या बाहेर गेली आहे. दुसरं यान सुटल्यावर अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या.

आता ट्रंकेतली शेवटची. तिचं लेबल पार खरवडलेलं आहे, नाव नाही, नंबर नाही. बाईंचा आवाज, कर्ण्याच्या काळातला, राग बहुतेक भूप. गाणं संपल्यावर बाई आपलं नाव सांगतात. पण आतल्या खोबणी इतक्या झिजल्या आहेत की नावाच्या ठिकाणी नुसती खरखर येते, आणि शेवटचा "बाई" एवढाच ऐकू येतो. मी वेग कमी-जास्त करून, दोन वेगवेगळ्या सुया लावून चाळीसएक वेळा ऐकलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता सभागृहात ती सगळ्यात आधी लावतो. तुमच्या घरी कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर त्यांना घेऊन या. जिन्याची अडचण असेल तर कळवा, फोनो मीच घरी घेऊन येईन.