ऑक्सफॅम-हैती प्रकरण

ऑक्सफॅम-हैती प्रकरण : ऑक्सफॅम जीबी या ब्रिटिश मदतसंस्थेच्या हैतीतील काही कर्मचाऱ्यांचे २०१० च्या भूकंपानंतरच्या काळातील लैंगिक गैरवर्तन, संस्थेने २०११ मध्ये केलेली त्याची अंतर्गत चौकशी आणि त्या चौकशीतले काय, कोणाला व किती सांगितले यावरून २०१८ मध्ये उठलेले वादळ. ज्यांच्यासाठी मदत आणली त्यांना मदत वाटणाऱ्यांपासून जपण्याची जी व्यवस्था असते तिला या क्षेत्रात ‘सेफगार्डिंग’ म्हणतात. तिचा इतिहास बहुतेक जण या प्रकरणापासून सांगू लागतात. प्रत्यक्षात २०१८ मध्येच तो सोळा वर्षे जुना होता.

पूर्वपीठिका : संयुक्त राष्ट्रांचे निर्वासित उच्चायुक्तालय आणि सेव्ह द चिल्ड्रन (ब्रिटन) यांनी गिनी, लायबेरिया व सिएरा लिओन येथील निर्वासितांच्या छावण्यांची पाहणी करून २००२ मध्ये अहवाल दिला. धान्य, साबण, ताडपत्री अशा वस्तूंच्या बदल्यात मुलींचे शोषण होते आणि ते करणाऱ्यांत मदत कर्मचारी व शांतिसैनिक दोन्ही आहेत, असे त्यात म्हटले होते. त्यातले वैयक्तिक आरोप किती सिद्ध झाले याबद्दल मतभेद आहेत. मात्र त्याच वर्षी मदतसंस्थांच्या आंतरसंस्था स्थायी समितीने सहा मूलतत्त्वे ठरवली आणि ऑक्टोबर २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी तशाच आशयाचे परिपत्रक काढले. अठरा वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध निषिद्ध; स्थानिक कायदा काही म्हणो, आणि ‘वय ठाऊक नव्हते’ हा बचाव चालणार नाही. पैसे, नोकरी, वस्तू किंवा मदत देऊन संबंध ठेवणे निषिद्ध. सहकाऱ्याविषयी नुसता संशय आला तरी तो कळवणे बंधनकारक. लाभार्थींशी संबंध मात्र तेव्हा ‘टाळावेत’ इतकेच म्हटले होते. पदाचा गैरवापर करून ठेवलेले असे संबंध २०१९ च्या सुधारणेत थेट निषिद्ध झाले. ‘टाळावेत’ या एका क्रियापदाने मधल्या सतरा वर्षांत किती जणांना वाट करून दिली, हे मोजता येत नाही.

संस्था : नाझींच्या ताब्यातील ग्रीसमध्ये उपासमार चालू असताना १९४२ मध्ये ऑक्सफर्ड येथे स्थापना. तारेच्या पत्त्यावरून आलेले आजचे नाव १९६५ पासून. १९५१ च्या बिहारमधील दुष्काळात मदतकार्य.

घटना व चौकशी : १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांचा आकडा वादग्रस्त आहे. हैती सरकारच्या मते तो तीन लाखांहून अधिक. त्याच वर्षी ऑक्टोबरात पटकीची साथ आली. परदेशी मदतसंस्थांचे मोठे पथक राजधानी पोर्टो-प्रिन्समध्ये तळ ठोकून होते. २०११ च्या उन्हाळ्यात तक्रारी आल्यावर ऑक्सफॅमने चौकशी पथक पाठवले. चौकशीअंती चौघांना बडतर्फ करण्यात आले आणि तिघांनी राजीनामे दिले. राजीनामा देणाऱ्यांत देशसंचालकही होते. संस्थेने भाड्याने घेतलेल्या निवासात वेश्यांना आणल्याची कबुली त्यांनी दिल्याचे २०११ चा अहवाल सांगतो. २०१८ मध्ये जाहीर पत्र लिहून त्यांनी बहुतेक आरोप नाकारले. चौकशीत सहकार्य केल्याबद्दल त्यांना सन्मानाने व टप्प्याटप्प्याने बाहेर पडण्याची सवलत मिळाली, हाताखालचे मात्र काढले गेले. ब्रिटनमधील धर्मादाय नियामकाच्या २०१९ च्या चौकशी अहवालाने या विषम न्यायावर बोट ठेवले.

२०११ चा हा अहवाल ऑक्सफॅमने १९ फेब्रुवारी २०१८ रोजी प्रसिद्ध केला. जनतेच्या हाती आलेल्या प्रतीत नावांवर काळे पट्टे आहेत. पूर्ण प्रत हैती सरकारला माफीसह देण्यात आली. दस्तऐवज लहानच आहे. चौकशी चालू असतानाच संशयितांपैकी तिघांनी एका साक्षीदाराला शारीरिक इजेची धमकी दिली, ही नोंद त्यात येऊन जाते आणि पुढचा मजकूर सुरू होतो. गैरवर्तन केलेले कर्मचारी दुसऱ्या देशात पुन्हा नोकरीला लागू नयेत यासाठी सूचना हवी, हा धडाही तेव्हाच लिहून ठेवलेला आहे.

माहिती कळवणे : प्रकरणाचा गाभा हाच आहे. ऑगस्ट २०११ मध्ये ऑक्सफॅमने चॅरिटी कमिशनला (आपल्याकडील धर्मादाय आयुक्तांसारखी, इंग्लंड व वेल्सपुरती नियामक यंत्रणा) चौकशीची माहिती दिली. पत्रात अनुचित लैंगिक वर्तन, दमदाटी व छळ हे शब्द होते. लाभार्थींच्या शोषणाचा किंवा त्यात अल्पवयीन मुली असण्याच्या शक्यतेचा उल्लेख नव्हता. म्हणजे पत्र खोटे नव्हते, अपुरे होते. आणि कार्यालयीन पत्रव्यवहार ज्यांनी केला आहे त्यांना यातला फरक किती सोयीचा असतो ते माहीत असते. हैतीच्या पोलिसांना कळवले नाही, कारण त्यातून काही कारवाई होण्याची शक्यता फार कमी असल्याचा सल्ला मिळाला होता, असे संस्थेचे म्हणणे. तेरा वर्षांच्या मुलीच्या नावाने आलेले ईमेल संस्थेला बनावट वाटले. त्याचा पुरेसा शोध घ्यायला हवा होता, असे कमिशनचे मत पडले.

देशसंचालकांना पुढे २०१२ मध्ये एका फ्रेंच मदतसंस्थेत बांगलादेशात नोकरी मिळाली. आपण विचारणा केली होती, पण काही सांगण्यात आले नाही, असे त्या संस्थेचे म्हणणे. अधिकृत शिफारसपत्र दिले नव्हते, असे ऑक्सफॅमचे. ही फट बुजवण्यासाठी जानेवारी २०१९ मध्ये ‘मिसकंडक्ट डिस्क्लोजर स्कीम’ सुरू झाली. उमेदवाराला घेण्यापूर्वी त्याच्या किमान गेल्या पाच वर्षांतील मालकसंस्थांना लैंगिक गैरवर्तनाबद्दल नेमका प्रश्न विचारायचा आणि त्यांनी नेमके उत्तर द्यायचे. योजना ऐच्छिक आहे.

जागल्या : हेलन इव्हान्स २०१२ ते २०१५ या काळात ऑक्सफॅमच्या जागतिक सेफगार्डिंगप्रमुख होत्या. मनुष्यबळ वाढवा, असे त्या वरिष्ठांना सांगत राहिल्या. तक्रारी फक्त परदेशांतून येत नव्हत्या. ब्रिटनमधील संस्थेच्या दुकानांत काम करणाऱ्या अल्पवयीन स्वयंसेवकांविषयीही होत्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या चॅनल ४ वर बोलल्या. चांगली व्यवस्था उभी राहिली की तक्रारींचा आकडा वाढतो, आणि शून्य तक्रारींचा तक्ता पाहून देणगीदार खूश होतात; जागल्याची अडचण इथे सुरू होते.

परिणाम : ९ फेब्रुवारी २०१८ रोजी लंडनच्या ‘द टाइम्स’ने बातमी दिली. १२ तारखेला उपमुख्याधिकारी पेनी लॉरेन्स यांनी राजीनामा दिला आणि कमिशनने वैधानिक चौकशी सुरू केली. काही दिवसांत सुमारे सात हजार नियमित देणगीदारांनी देणगी बंद केली. ब्रिटिश सरकारकडून वर्षाला मिळणारे सुमारे ३.२ कोटी पौंड धोक्यात आले. नवा सरकारी निधी मागणार नाही, असे संस्थेला कबूल करावे लागले. आपल्यावरची टीका प्रमाणाबाहेर आहे असे सुचवणारी मुलाखत दिल्याबद्दल मुख्याधिकारी मार्क गोल्डरिंग यांना माफी मागावी लागली आणि मे महिन्यात त्यांनी पद सोडण्याचे जाहीर केले. जूनमध्ये हैतीने ऑक्सफॅम जीबीचा काम करण्याचा परवाना काढून घेतला. ब्रिटिश संसदेच्या समितीचा अहवाल ३१ जुलै २०१८ चा, कमिशनचा ११ जून २०१९ चा. प्रतिष्ठा आणि देणगीदारांशी असलेले संबंध जपण्याची इच्छा माहिती देताना आड आली, असा कमिशनचा निष्कर्ष असून संस्थेला अधिकृत ताकीद देण्यात आली.

हैतीतील स्त्रिया : सर्व अहवालांत मिळून त्यांचे स्वतःचे म्हणणे अत्यल्प आहे.

तक्रार-यंत्रणा : पेटी, दूरध्वनी, वस्तीतील प्रतिनिधी हे नेहमीचे मार्ग. हैतीत घराघरांत क्रेयॉल बोलतात, फ्रेंच लिहिता-वाचता येणारे थोडे; फ्रेंच भाषेतला अर्ज तिथे कोऱ्या कागदासारखाच. रेशनच्या यादीत नाव असलेली बाई यादी करणाऱ्याविरुद्ध तक्रार नेणार कोणाकडे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अजून कोणत्याही संस्थेकडे नाही.

भारतातील स्थिती : कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा स्वयंसेवी संस्थांनाही लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असल्यास अंतर्गत समिती बंधनकारक. पीडित स्त्रीच्या व्याख्येत ती ‘नोकरीत असो वा नसो’ असे शब्द आहेत, त्यामुळे संस्थेच्या कार्यालयात मदतीसाठी आलेली बाईही तक्रार करू शकते. याची माहिती संस्थांनाच कमी असते. बालकाविषयी गुन्हा झाल्याचे कळले तर पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवावेच लागते. न कळवणे हा स्वतंत्र गुन्हा. ऑक्सफॅमला मिळालेला सल्ला इथल्या वकिलाला देता आला नसता.

नंतरच्या घडामोडी : चॅरिटी कमिशनने ऑक्सफॅमवरील विशेष देखरेख फेब्रुवारी २०२१ मध्ये उठवली. काँगोतील कर्मचाऱ्यांवर नवे आरोप झाल्याने ब्रिटिश सरकारने संस्थेचा नवा निधी एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा थांबवला.